सहावं चाक

माझ्या थोरल्या नणंदेला विमानांचं वेड आहे, हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. नणंद तिखट आहे, लग्न केलेलं नाही, घरातच राहते, एवढं सगळं सांगितलं. वेडाचं तेवढं पोटात ठेवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी पहाटे स्वयंपाकघरात खुडबुड ऐकून मी झाडू उचलून गेले, तर वन्सं थर्मासमध्ये चहा भरत उभ्या. डोक्याला रुमाल, पायात माझ्या नवऱ्याचे जुने बूट आणि गळ्यात हातभर लांब लेन्स लावलेला कॅमेरा. जेट बघायला चालले आहे, म्हणाल्या, आणि झाडू बघून पुढे म्हणाल्या की कोपऱ्यातलं जाळं काढायचं राहिलंय, आता हातात आहेच तर काढून टाक.

अशा या आमच्या वन्सं. वय त्रेपन्न. चष्म्याच्या दुकानात बत्तीस वर्षं काचा घासतात. पुढे काउंटरवर मालक बसतो आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. मागच्या खोलीत पाण्याच्या धारेखाली दगडाचं चाक फिरत असतं, त्यावर वन्सं काच धरतात आणि फ्रेमच्या मापाची करतात. केसभर जास्त घासली तर काच वाया, केसभर कमी घासली तर फ्रेममध्ये बसत नाही. या कामानं त्यांचा स्वभावही तसाच झालाय. मी डबा लावताना झाकण किंचित तिरकं बसलं तरी त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कळतं, आणि कळलं की त्या बोलल्याशिवाय राहत नाहीत.

वेड फक्त जेटचं. पंख्याच्या विमानासाठी त्या कॅमेरा वर उचलायच्या नाहीत. ती शिवणयंत्रं, म्हणायच्या. जेट वर चढताना त्याच्या पोटाखालून, चाकं आत जायच्या आधी, नऊ-दहा फोटो घ्यायचे. मग तिथेच, उभ्याउभ्या, एकेक फोटो मोठा करून बघायचा. बाकीचे हौशी लोक वैमानिकाची खिडकी स्पष्ट आली का ते बघतात. वन्सं चाकाचे बोल्ट मोजतात. बोल्ट मोजता आले तर फोटो ठेवायचा, नाही आले तर जागच्या जागी पुसून टाकायचा. घरी आलं की वहीत त्या विमानाच्या शेपटीवरचा नंबर लिहायचा. कुठल्या गावाला गेलं, किती वाजता गेलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. कॅमेऱ्याच्या घड्याळात तर कुठल्याशा जुन्या सालातली पहिली तारीख कायमची बसलेली होती. मी एकदा म्हटलं, लावून का घेत नाही? तर म्हणाल्या, "वेळापत्रक माणसं करतात. शेपटी खोटं बोलत नाही."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. घरी पाहुणे आले की अल्बम निघायचे. पाहुणे चहा संपवून पळायचे, मी कुठे पळणार? त्यामुळे मला नको असतानाही जुळ्या बहिणी ओळखता यायला लागल्या होत्या. जुळ्या म्हणजे एकाच कंपनीची, एकाच वर्षी आलेली, एकाच रंगाची दोन जेट. एकीच्या डाव्या अंगाला, पुढच्या दाराच्या खाली, कधीतरी पत्रा बदललेला होता. तिथला पांढरा रंग बाकीच्या रंगापेक्षा थोडा पिवळसर, पाटीएवढा चौकोन. ती ठिगळी. दुसरीला काही नाही, ती कोरी. वन्संचा जीव कोरीवर. ठिगळीबद्दल त्या जरा तोंड वाकडं करूनच बोलायच्या. म्हणायच्या, एकदा फाटलेलं ते फाटलेलंच.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी एका दमट सकाळी वन्संनी एका विमानाच्या पंखावरून धूर निघताना पाहिला. धावत विमानतळाच्या मागच्या फाटकावर गेल्या, आरडाओरडा केला. आगीचा बंब बाहेर निघाला, विमानं अर्धा तास अडकली. तो धूर नव्हता. हवा ओली असली की पंखावर तशी वाफ धरते, आणि पंधरा वर्षं विमानं बघणाऱ्या बाईला ते माहीत असायला हवं होतं. सुरक्षेच्या साहेबांनी त्यांच्याकडून लेखी हमी घेतली: कॅमेरा घेऊन या कुंपणाजवळ पुन्हा दिसणार नाही, दिसले तर कॅमेरा जप्त आणि प्रकरण पोलिसांकडे. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं साक्षीदार म्हणून सही केली. हा पहारेकरी आधीही वन्सं दिसल्या की लांबून शिट्टी फुंकायचा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव शिट्टी पडलं होतं.

हमीनंतर वन्सं चार महिने घरी बसल्या. मग भंगारवाल्याच्या आवारामागे मातीचा एक उंच ढिगारा त्यांना सापडला. कुंपणापासून जरा लांब, पण धावपट्टीच्या बरोबर टोकाला. सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नाही.

आणि त्या दिवशी मीही त्या ढिगाऱ्यावर होते. माझा नवरा लिफ्ट बसवण्याची कामं करतो. एका लांबच्या शहरात तीन महिन्यांचं काम निघालं आणि कंपनीनं विमानाचं तिकीट काढून दिलं. पन्नासाव्या वर्षी पहिलं विमान. तोवर तो अकराव्या मजल्याच्या वर गेलेला नव्हता. वन्संचा आनंद घरात मावेना. भाऊ बसलेल्या विमानाचा फोटो काढायचा, म्हणून आठवडाभर आधीपासून लेन्स पुसणं चाललं होतं. भावासाठी म्हणून त्यांनी पहिल्यांदाच वेळापत्रक बघितलं, वर्षानुवर्षांच्या बघण्याशी जुळवलं आणि सांगितलं की साडेआठचं लांबचं विमान रोज कोरी नेते. त्याच्या वीस मिनिटं आधी शेजारच्या शहराचं चाळीस मिनिटांचं विमान जातं, ते ठिगळीकडे असतं. "तू कोरीत बसून जाणार," असं त्यांनी भावाला अशा थाटात सांगितलं की कोरी यांच्याच मालकीची असावी.

सकाळी धुरकट होतं. दोन्ही विमानं अडकली. ढिगाऱ्यावर उभं राहून माझे पाय भरून आले. पावणेनऊला नवऱ्याचा फोटो आला, विमानाच्या शिडीवरून स्वतःच काढलेला. खाली लिहिलं होतं: ताईच्या कोरीला पोचलो, तिला सांग. मी बघितलं ते एवढंच की त्याची कॉलर एका बाजूनं आत वळली आहे, आणि आता तीन महिने ती कोण सरळ करणार. वन्सं जवळचा चष्मा घरी विसरल्या होत्या, कॅमेऱ्यातलं मोठं करून दिसायचं तेवढंच. त्यांनी नुसतं हं म्हटलं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी पहिलं विमान आलं. कानठळ्या बसवत डोक्यावरून गेलं. वन्संचा कॅमेरा कडकड कडकड चालला. कॅमेरा खाली घेत म्हणाल्या, ठिगळी, चाळीस मिनिटांची. सात मिनिटांनी दुसरं आलं. "ही कोरी. हात हलव, तो आत आहे." मी वेड्यासारखे दोन्ही हात हलवले. डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुराच्या नावावर खपवलं.

मग वन्सं उकिडव्या बसल्या आणि बोल्ट मोजू लागल्या. मी थर्मासमधला चहा ओतत होते. कप पुढे केला तर त्यांनी घेतला नाही. वर बघितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. कॅमेरा माझ्यापुढे धरून एका जागी बोट ठेवलं. विमानाला पुढे दोन चाकं, डावीकडच्या पायाला दोन, उजवीकडच्या पायाला दोन, अशी सहा. हे मलाही पाठ होतं. फोटोत डाव्या पायाला एकच चाक होतं. दुसऱ्याच्या जागी नुसता लोखंडी दांडा.

"कुठलं विमान हे?" मी विचारलं.

"ठिगळी. हा चौकोन बघ दाराखाली. चाळीस मिनिटांचं आहे," त्या म्हणाल्या.

इथे मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. मला हायसं वाटलं. त्या विमानात शंभराच्या वर माणसं होती, त्यांचीही कुणीतरी वाट बघत असणार, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, आपला त्यात नाही. ते हायसं वाटणं पुढच्या तासाभरात माझ्या घशाशी आलं.

वन्सं मात्र उठल्या होत्या. मी त्यांना आठवण करून दिली: हमी, कॅमेरा, पोलीस. त्यात मागचा धूर. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि ही बाई पुन्हा त्याच फाटकावर चालली होती. "चाळीस मिनिटांतली वीस गेली," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या स्कूटरवर मागे बसल्या.

शिट्टीनं आम्हाला लांबूनच ओळखलं. शिट्टी तोंडाकडे नेली, पण वन्सं कॅमेरा उघडा हातात धरून सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ती तशीच राहिली. त्यानं फोटो बघितला, मग आमच्याकडे बघितलं. त्याला त्यातलं काही कळलं नसावं, पण केबिनमध्ये जाऊन त्यानं फोन लावला. वन्संनी सांगितलं तसं त्यानं पुढे सांगितलं: आठ दहाचं विमान, शेजारच्या शहराचं, डाव्या बाजूचं एक चाक नाही.

मग नुसती वाट बघायची. केबिनमध्ये एक टेबल, दोन खुर्च्या, एक वही, भिंतीवर घड्याळ. त्या घड्याळाचा काटा प्रत्येक मिनिटाला टक् करून उडी मारायचा. वन्सं ओठ घट्ट मिटून त्याकडे बघत होत्या. शेजारच्या शहरातल्या लोकांसाठी माझा जीव टांगणीला लागला होता, पण खरं सांगायचं तर तो परक्याच्या घरच्या दुखण्यासाठी लागतो तेवढाच.

दहा वाजून दहा मिनिटांनी साहेब जीपमधून आले. दोन वर्षांपूर्वीचेच साहेब. त्यांनी खुर्ची ओढली आणि अगदी शांतपणे सांगितलं की त्या विमानाला खाली उतरण्याआधी तिथल्या विमानतळाच्या मनोऱ्याच्या जवळून, चाकं बाहेर काढून, न्यायला लावलं. चार जणांनी दुर्बिणीतून पाहिलं. सहाच्या सहा चाकं जागेवर. विमान उतरलं, माणसं घरी गेली. इकडे धावपट्टी तपासली, तीही स्वच्छ. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

वन्संनी फोटो पुढे केला. साहेबांनी चाक पाहिलं, कॅमेरा थोडा लांब धरला, जवळ आणला. म्हणाले, सावली आहे. मागचं चाक पुढच्या चाकाआड गेलंय. वन्सं पुढचे फोटो दाखवायला लागल्या तर त्यांनी कॅमेरा बंद केला. मग विचारलं, नजर कशी आहे तुमची?

मी वन्संचा हात दाबला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनची तारीख मिळाली होती, आणि ही गोष्ट त्यांनी आपल्या मालकापासूनही दडवली होती. एक खोटा शब्द पुरला असता. पण केसभर इकडेतिकडे त्यांना जमतच नाही.

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. उजवा चांगला आहे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. पोलिसांना बोलावलंय, ते येईपर्यंत इथेच बसायचं, असं सांगून त्यांनी कॅमेरा टेबलाच्या खणात ठेवला आणि किल्ली शिट्टीकडे दिली. या बायकांचं ऐकून पुन्हा फोन करायचा नाही, हे त्याला आमच्यासमोरच बजावलं. जीप निघून गेली.

वन्सं खाली मान घालून बसल्या. बत्तीस वर्षं काच घासणारी बाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती. हळूच म्हणाल्या, दिसलं होतं गं मला, खरंच दिसलं होतं. एरवी त्यांचं असं नाक खाली आलेलं बघायला मी काय नसतं दिलं! त्या वेळी मात्र मला रडू आलं. मलाही दिसलं होतं. माझ्या डोळ्यांत काही मोतीबिंदू नव्हता. मी एकच चाक पाहिलं होतं.

आणि मग माझं डोकं चालायला लागलं. ठिगळीला एक चाक नाही. शेजारच्या शहरात उतरलेल्या विमानाला सहा आहेत. मग शेजारच्या शहरात जी उतरली ती ठिगळी कशी?

मी फोन काढला. नवऱ्याचा शिडीवरचा फोटो उघडला. कॉलर, हसणारा चेहरा, खांद्यावरची बॅग. आणि बॅगेच्या मागे, उघड्या दाराच्या खाली, पिवळसर पांढरा पाटीएवढा चौकोन.

 त्याला फोन लावला, तो बंदच असणार होता, बंदच होता. भिंतीवर दहा पंचवीस झाले होते. त्याचं विमान सव्वाअकराला उतरणार होतं.

वन्संना फोटो दाखवला तर त्यांनी चष्मा नाही म्हणून मान फिरवली. खरं म्हणजे त्यांना तो बघायचाच नव्हता. मी त्यांची हनुवटी धरून तोंड वळवलं. नणंदेच्या हनुवटीला हात लावायची माझी ती पहिलीच वेळ. "वन्सं, तो ठिगळीत आहे," मी म्हटलं. "आपण हात हलवले ते दुसऱ्याच विमानाला."

 मग त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी आजवर नवऱ्याला सांगितलेलं नाही.

"मला तो ठिगळीत नको होता," त्या म्हणाल्या. "म्हणून मी शेपटी सांगितली नाही. वेळापत्रक सांगितलं."

जन्मभर शेपटी बघा म्हणणाऱ्या बाईनं नेमकी त्या दिवशी शेपटी सांगितली नव्हती. मी तरी काय म्हणणार होते? चाळीस मिनिटांचं, असं त्यांनी म्हटल्यावर मीही पुढे एक शब्द विचारला नव्हता. दोघींना तेच हवं होतं.

मी शिट्टीकडे वळले. तो दारात पाठ करून उभा होता, पण सगळं ऐकत होता. मी त्याला नवऱ्याचा फोटो दाखवला, चौकोन दाखवला, दोन वाक्यांत सांगितलं. साहेब पुन्हा फोन करू नका म्हणालेत, तो म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. मागच्या वेळी बंब निघाला होता तेव्हा त्याचा आठवड्याचा पगार कापला होता, हे मला त्या केबिनमध्येच कळलं. नोकरीची ही शेवटची दोन वर्षं राहिली होती त्याची.

मी हात जोडले नाहीत. माझी पाचावर धारण बसली होती, पण आवाज कसा कोण जाणे सरळ राहिला. "मी सांगते त्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हटलं. "खणातला कॅमेरा काढा. फोटोतल्या विमानाच्या शेपटीवरचा नंबर वाचा. आणि तो नंबर आत्ता कुठे आहे एवढंच मनोऱ्याला विचारा."

तो घड्याळाकडे बघत राहिला. काटा टक् करून पुढे गेला. अजून एकदा गेला. मग त्यानं खिशातून किल्ली काढली.

वन्संनी कॅमेरा दोन्ही हातांत घेतला. त्यांनी चाकाचा तो फोटो शोधला, त्यातली शेपटी मोठी केली आणि नंबर वाचला. प्रत्येक आकडा सुटा, दुकानात काचेचा नंबर वाचतात तसा. शिट्टीनं तो फोनवर तसाच सांगितला. पलीकडून कुणीतरी चिडून काहीतरी विचारलं. "नाही साहेब, वेळेचं नाही विचारत," शिट्टी म्हणाला. "या शेपटीचं विमान कुठलं, तेवढं बघा."  कागद उलटल्याचा आवाज आम्हाला इकडे ऐकू आला. शिट्टीनं फोन कानाला धरूनच माझ्याकडे बघितलं आणि लांबचंच, अशी मान हलवली.

नंतर कळलं ते असं. सकाळी कोरीच्या कुठल्याशा दिव्याची तक्रार निघाली. तो बदलेपर्यंत थांबायला नको, म्हणून लांबच्या प्रवाशांना ठिगळीत बसवलं, आणि लांबचं म्हणून तिला आधी सोडलं. कोरी दुरुस्त होऊन मागून गेली, जवळच्या प्रवाशांना घेऊन. रोजचा क्रम उलटा झाला होता, आणि आम्ही रोजच्याच क्रमावर विसंबलो होतो.

साहेब जीपमधून आले ते धावतच. या वेळी बसले नाहीत. कॅमेरा मागितला, फोटो एकेक करून पाहिले, आणि वन्संना विचारलं, दुसरं चाक कसं आहे? उरलेलं? वन्संनी ते मोठं करून बघितलं. म्हणाल्या, बोल्ट सगळे आहेत, पण टायरला एका बाजूनं चीर दिसतेय. साहेबांनी ते शब्दन् शब्द फोनवर सांगितलं. मघाशी याच डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. ठिगळीला उतरू दिलं नव्हतं. इंधन कमी करायला ती त्या शहरावर घिरट्या घालत होती, असं साहेब मधूनमधून सांगत होते. खाली बंब उभे केले होते. पोलीस आले, त्यांना साहेबांनीच बाहेर थांबवलं.  वन्संनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा, ते आता आठवत नाही. मनात एकच यायचं, ती आत वळलेली कॉलर. शेजारी बसलेल्या कुणीतरी ती सरळ केली असेल का? जाताना मी त्याला डबा विसरू नकोस एवढंच म्हटलं होतं. शेवटचं वाक्य तेच ठरणार का?

बारा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. साहेबांनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. मग ते म्हणाले की विमान आधी उजव्या बाजूवर टेकवलं, डावी बाजू जमेल तितकी वर धरली. शेवटी ती टेकली तेव्हा उरलेला टायरही फुटला, विमान वाकडं होऊन गवतात जाऊन थांबलं. "माणसं सगळी खाली उतरली आहेत. चालत उतरली," ते म्हणाले. अगोदर माहीत नसतं तर भरल्या टाकीनिशी, पूर्ण वेगात, नेहमीसारखं टेकवलं असतं, असंही म्हणाले. 

वन्संनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागल्या. शिट्टी बाहेर जाऊन उभा राहिला.

अर्ध्या तासानं नवऱ्याचा फोन आला. पहिलं वाक्य: माझा डबा विमानातच राहिला. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले आणि मग बोलताच येईना.

गळलेलं चाक संध्याकाळी सापडलं, कुंपणाच्या आत, उंच गवतातल्या नाल्यात. कॅमेरा चौकशीसाठी ठेवून घेतला तो अडीच महिन्यांनी परत आला. सोबत साहेबांचं पत्र होतं. आभार मानले होते, आणि त्या खालच्याच ओळीत हमीची आठवणही करून दिली होती. फक्त ढिगाऱ्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. शिट्टीची नोकरी राहिली. वन्संचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मालकाला त्यांनी स्वतःच सांगितलं.

पण कॅमेरा त्यांनी पेटीतून काढला नाही. वही बंद, अल्बम बंद. पाहुणे आले तर निवांत बसायला लागले. मला हे शांत घर सोसेना. चार वेळा म्हणून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. एकदा त्या एवढंच म्हणाल्या, ज्याला नको ते दिसत नाही, त्यानं बघूच नये.

तीन महिने झाले, नवऱ्याचा परतीचा दिवस आला. कंपनीनं पुन्हा विमानाचंच तिकीट दिलं. वन्सं म्हणाल्या, मी घरीच बसते. मी त्यांना न विचारता पेटी उघडली, कॅमेरा गळ्यात अडकवला, नवऱ्याचे जुने बूट घातले आणि ढिगाऱ्यावर गेले. तो कॅमेरा एवढा जड असतो हे मला माहीत नव्हतं. कुंपणाआडून शिट्टीनं मला पाहिलं. त्यानं शिट्टी काढली, पुसली आणि परत खिशात ठेवली.

विमान दिसलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. बटण दाबत राहिले. मग खाली बसून मोजलं. पुढे दोन, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. पुन्हा मोजलं.

नवरा घरी येऊन बूट काढत होता, माझे पाय आपल्या बुटांत बघून चकित होत होता. मी कॅमेरा घेऊन सरळ वन्संच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावला. नव्या डोळ्यानं बराच वेळ फोटो बघितला. एकच बरा आला होता, तोही तिरका. त्यांची भुवई वर गेली.

"शेपटी कापलीस," त्या म्हणाल्या. "शेपटी नसली तर कुठलं विमान ते कळणार कसं?"

"मला कळलं," मी म्हटलं. "त्यात तो होता."

त्यांनी फोटो मोठा केला. चाकांवर आल्या. ओठ हलताना दिसले, एकेक बोल्ट मोजत होत्या. मोजून झाल्यावर कॅमेरा मला परत दिला नाही, मांडीवरच ठेवला.

"उद्या सव्वासातला निघायचं," म्हणाल्या. "थर्मास तू भर. झाकण सरळ लाव."